खारट शेवया

शेवया तिखट असू शकतात, हे कॉलेजात जायच्या वयापर्यंत मला कोणी सांगितलंच नव्हतं. नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या घरी शेवया म्हणजे दुधातल्या, वरून साखर नि तूप. त्या दुकानातून आणायच्या नसत, घरी करायच्या असत, आणि करायच्या त्या माझ्या मायनं. माय मौद्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. उन्हाळा लागला की आमच्या अंगणात बाजेवर तिरपा पाट मांडला जाई. माय पाटाच्या डोक्याशी बसे आणि दोन तळव्यांखाली भिजवलेल्या पिठाची गोळी अशी वळत नेई की पाटाच्या खालच्या टोकाला शिवायच्या दोऱ्याएवढी बारीक शेवई उतरत राही. खाली बसलेली बाई ती बोटांवर झेलायची, तिसरी काठीवर पसरून उन्हात टाकायची. भिंतीपलीकडे आरा मशीन दिवसभर किंचाळत असे, लाकडाच्या भुशाचा वास अंगणात भरलेला असे, आणि बायकांच्या गप्पा त्या मशीनच्या वरताण आवाजात चालत. माझा आवाज आजही मोठा आहे, तो त्यामुळे. सून म्हणते, आई, हळू बोला. मी म्हणते, आधी ती मशीन बंद करा. मशीन बंद होऊन जमाना झाला, तिथे आता चारमजली इमारत आहे, पण माझ्या कानात ती सुरूच आहे.

या शेवयांचा एक रिवाज इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. कोणाच्या अंगणात पाट मांडलेला दिसला की आमच्याकडे बोलावण्याची वाट बघायची नसते. आत जायचं, हात धुवायचे आणि कामाला बसायचं. 'येऊ का?' असं विचारलं तर उलट घरची बाई रागावते, की मी काय परकी आहे का? माय कुठून तरी जात असली आणि काठ्यांवर शेवया दिसल्या, की तिचे पाय आपोआप तिकडे वळत. तिला बघून पाटावरची बाई उठून जागा देई, कारण तिच्यासारखा बारीक दोरा त्या सगळ्या भागात कोणाचा उतरत नसे. मायला लिहितावाचता जेमतेम येई, पण तेवढ्या उन्हाळ्यापुरती ती आमच्या गल्लीची राणी असायची आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

बाबा मात्र या चित्रात नसायचे. ते वीजघरं उभारण्याच्या कामावरचे फोरमन. आज इथे तर उद्या तिथे, जिथे टर्बाइन बसवायचं असेल तिथे. माझ्या लहानपणी बाबा म्हणजे सुट्टीत येणारा पाहुणा. ते आले की अंगणातली वेगळी चूल पेटे, वेगळा गंज, म्हणजे मोठं पातेलं, निघे, आणि बाबा स्वतः मटण रांधत, कारण मटण आमच्याकडे खात असले तरी मायच्या स्वयंपाकघरात ते शिजत नसे. तो झणझणीत रस्सा खाऊन नाक पुसत पुसत मी बाबांकडे बघायची आणि मनात म्हणायची, हा माणूस आहे तरी कसा? त्याला काय आवडतं, तो कशावर हसतो, मला काही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं तोवर त्यांची पेटी भरलेली असे.

मग बाबांना मलेशियात काम मिळालं. समुद्राजवळ एक मोठं वीजघर उभं राहत होतं, दोन वर्षांचा करार होता आणि घर मिळणार होतं. माय यावेळी अडून बसली. "आता मी मागं राहत नाही जी," ती बाबांना म्हणाली. "पोरीले बाप कसा दिसते ते तरी कळू द्या." माझी बारावी झाली होती. दोन वर्षं वाया गेली तर जाऊ देत, असं ठरलं आणि आम्ही तिघं निघालो. मायनं सोबत काय घेतलं असेल? काळा मसाला, लोणचं, वड्या, तूरडाळ, आणि पत्र्याचा एक उंच डबा भरून ज्वारीचं पीठ. विमानतळावर सगळ्या तपासण्या त्या डब्यापाशी येऊन अडल्या. माय झाकण उघडून प्रत्येकाला पीठ दाखवत होती आणि प्रत्येक जण ते नीट हुंगून पुढे जाऊ देत होता.

गावाचं नाव सितियावान. चिनी लोकांची वस्ती जास्त, थोडे मलाय, थोडे तमीळ. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत आमचं घर होतं, वर पत्रा, खाली गार फरशी. सकाळी शेजारच्या देव्हाऱ्यातल्या उदबत्तीचा धूर आमच्याकडे येई आणि दुपारी पाऊस एवढा कडाडून पडे की बोलणं बंद ठेवावं लागे. मी आरा मशीनची माणूस, मला काही वाटलं नाही. पण मायचा जीव तिथे लागेना. मासळी बाजारातल्या वासानं तिला मळमळे. भाजीवाल्याकडची पालेभाजी कोणती, शिजवायची कशी, ते विचारायला भाषा नाही. बाहेरच्या अन्नात कोणत्या जनावराचं काय पडलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून बाहेरचं पाणीसुद्धा नको. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिथे तिची कोणाला गरज नव्हती. दिवसभर ती फरशी पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची. शेवटी एका सकाळी भाकरी थापता थापता तिनं सांगून टाकलं, "ह्या डब्यातलं पीठ संपलं, की मी नलूले घेऊन नागपूरले चालली. तुमी पाह्यजा तुमचं."

नलू म्हणजे मी. त्या दिवसापासून तो डबा माझा वैरी झाला. माय आंघोळीला गेली की मी तो हळूच उचलून बघायची. जड लागला की बरं वाटायचं. मला परत जायचं नव्हतं. बाबा आत्ता कुठे रोज संध्याकाळी घरी येणारा माणूस झाले होते, त्यांचे बूट दारात दिसत होते, आणि आम्ही गेलो की ते पुन्हा पाहुणे होणार, हे मला स्पष्ट कळत होतं. म्हणून मी भाकरी कमी खायला लागले. माय विचारायची, "काहून वं, भूक नाही का?" भूक तर इतकी होती की विचारू नका, आणि ती भागवायला शनिवारची संध्याकाळ होती.

शनिवारी बाबा आम्हाला बाजारामागच्या खाण्याच्या ठेल्यांवर घेऊन जात. मोठी पत्र्याची शेड, मधोमध गोल टेबलं आणि कडेनं ठेलेच ठेले. प्रत्येक ठेल्यावर एकच पदार्थ, आणि तो करणारा माणूस जन्मभर तेवढंच करत आलेला. कढईवर उलथन्याचा खणखणाट, पाण्याची वाफ, तेलात पडलेल्या लसणाचा चर्र आवाज, आणि मोठमोठ्यानं ओरडणारी माणसं. मला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं. इथे रीत अशी, की आधी टेबल धरून बसायचं, मग उठून हव्या त्या ठेल्यावर जाऊन सांगून यायचं, आणि पदार्थ आपल्याला शोधत येतो. तो कसा शोधत येतो, एवढ्या गर्दीत कोणाचं काय हे त्यांना कसं कळतं, याचं मला फार नवल वाटे.

बाबांना भाषा येत नव्हती, पण त्यांची अडचण त्यांनी सोडवली होती. ठेल्यापुढे उभं राहून ते आधी कढईकडे बोट दाखवत आणि गंभीर चेहऱ्यानं गाईसारखं हंबरत. ठेलेवाला नाही म्हणून मान हलवे. मग बाबा डुकरासारखं घुरघुरत. तो पुन्हा मान हलवे, आणि हसू दाबत स्वतः कोंबड्यासारखा आरवे. मग बाबा एक बोट वर करत, म्हणजे एक वाडगा. हा माणूस, कामावर ज्याला सगळे टरकून असत, तो भर बाजारात हंबरताना मी पहिल्यांदा पाहिला आणि हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. त्या उत्तरांपैकी किती खरी होती, देव जाणे.

पहिला वाडगा आला तो करी मी. 'मी' म्हणजे शेवया, हे मला तोवर कळलं होतं. नारळाच्या दुधाचा लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, आत पिवळ्या जाड शेवया, मोडाची कडधान्यं आणि कोंबडीचे तुकडे. तवंग बघून माझा जीव भांड्यात पडला, कारण तर्रीवर वाढलेलं पोरगं तवंगाला भीत नाही. पण शेवया! मी एक शेवई उचलून बराच वेळ बघत बसले. "बाबा, ह्या तर शेवयाच हायेत. तिखटात?" बाबा म्हणाले, "खाय तर खरं. तुया मायचा गोडाचा नेम ह्या शेवयेले थोडीच लागू आहे." मी तोंडात घातली. आधी नारळाचा गोडवा, मग हळूहळू मागून येणारा तिखटाचा चटका, आणि या सगळ्यात ती गुळगुळीत शेवई, जिला स्वतःची चव जवळपास नव्हतीच. मला आठवतंय, मला थोडा अपराध केल्यासारखं वाटलं आणि मी लगेच दुसरा घास घेतला.

मग दर शनिवारी एक नवा वाडगा. चार क्वे तियाव नावाची तांदळाची चपटी पट्टी, मोठ्या जाळावर परतलेली, तिला धुराचा वास लागलेला. लो मी म्हणजे काळपट दाट रश्शातल्या जाड शेवया. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा कोणी पिठल्यात दोर सोडलेत असं वाटलं, पण त्यावर लसणाचं आंबट पाणी घातलं की त्या एकदम जिवंत होत. वांतान मीच्या शेवया बारीक नि ताठ, चावल्या की दाताखाली कुरकुर करत. तमीळ मुसलमान काकांच्या ठेल्यावर मी गोरेंग, त्यात उकडलेला बटाटा आणि वरून लिंबू, म्हणजे अगदी आपल्या माणसानं केलेलं. बाबा नि मी एकच वाडगा दोघांत घ्यायचो, म्हणजे आणखी एका ठेल्यासाठी पोटात जागा उरे. हे कशानं आंबट केलं असेल, हे आधी तळलं की उकडलं, यावर आमच्या पैजा लागत. बाबांना लसूण भारी आवडतो, ते काड्यांनी खाताना जीभ थोडी बाहेर काढतात, रस्सा सांडला की मायकडे बघून मगच पुसतात, हे मला त्या टेबलावर कळलं. शाळेतल्या मैत्रिणींना आपल्या वडलांविषयी जे पाचव्या वर्षी ठाऊक होतं, ते मी तिथे शिकत होते.

आणि माय? माय त्याच टेबलावर बसायची, घरून आणलेला डबा उघडून. भाकर, ठेचा, कांदा. त्या शेडमधली टेबलं चहा-कॉफीच्या दुकानदाराची असत, ठेल्यांची नसत, आणि बसणाऱ्यानं त्याच्याकडून काहीतरी प्यायला घ्यायचं ही तिथली पक्की रीत. तो फडकं खांद्यावर टाकून पहिला येऊन उभा राही. माय म्हणायची, "मले काही नको गा." तो हलायचा नाही. माय त्याला भाकरीचा तुकडा दाखवून सांगायची, "माझ्याजवळ आहे." तो भाकरीकडे बघे, मायकडे बघे, आणि तिथेच उभा राही. शेवटी बाबा तिच्या नावानं सातूचं गार पाणी मागवत आणि ते स्वतः पीत. आजूबाजूची माणसं आमच्या टेबलाकडे बघत. मला तेव्हा मायचा राग येई, आणि रागाच्या मागोमाग तिची दयाही येई, कारण इतक्या आवाजात आणि इतक्या वासांत ती एकटी कोरडी भाकर चावत बसलेली असे.

आता आमच्या घराजवळच्या चौकात चायनीजच्या तीन गाड्या उभ्या असतात. संध्याकाळी कढईवर उलथनं वाजायला लागलं की माझी नात माझा हात ओढते. मी जाते. तो पोरगा मोठ्या ऐटीनं कोबी उडवतो, लाल सॉस ओततो, आणि नात मला विचारते, "आजी, भारी आहे ना?" भारी वगैरे काही नसतं. पण मी होच म्हणते, कारण तो खणखणाट ऐकला की मला शेडमधल्या त्या टेबलावर बसलेले बाबा दिसतात, आणि तेवढ्यासाठी मी लाल सॉस माफ करते.

डबा हलका होत चालला होता. मायनं एकदा तो माझ्यासमोरच हलवला, आतलं पीठ तळाशी सरकल्याचा आवाज आला, आणि ती नुसतं "हं" म्हणाली. त्याच आठवड्यात तिचा दात दुखायला लागला म्हणून मी तिला जुन्या वस्तीतल्या दवाखान्यात घेऊन गेले. परत येताना आम्ही मागच्या गल्लीनं आलो. एका घराच्या मोठ्या अंगणात लाकडी चौकटी उभ्या होत्या आणि चौकटींवर, वरपासून खालपर्यंत, पांढऱ्या बारीक दोऱ्यांचे पडदे उन्हात लटकत होते. वारा आला की ते सगळे मिळून हलत. माय थांबली. तिनं माझा हात सोडला. "बाप्पा," ती म्हणाली, "शेवया." आणि मी काही म्हणायच्या आत ती फाटक ढकलून आत गेली.

आत एक म्हातारी चिनी बाई नि तिची सून काम करत होत्या. शेवयांची लांब वेटोळी दोन काठ्यांवर गुंडाळलेली होती. वरची काठी चौकटीच्या भोकात अडकवायची आणि खालची दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली ओढायची, की जाड दोर बघता बघता केसासारखे होत. माय त्यांच्याकडे बघून हसली, कोपऱ्यातल्या नळावर गेली, हात धुतले, पदरानं पुसले, आणि सरळ जाऊन एक काठी धरली. ती नागपुरात असती तर एवढ्यानं तिला चहा मिळाला असता. म्हातारी आधी तोंड उघडं ठेवून बघत राहिली आणि मग अशी ओरडली, की शेजारची कोंबडी उडाली. त्या ओरडण्यानं माय दचकली आणि तिनं काठी जोरात ओढली. अख्खा पडदा मधोमध तुटून जमिनीवर आला.

मला वाटलं, आता मार खावा लागणार. म्हातारी तुटलेल्या शेवयांकडे बोट दाखवून तिच्या भाषेत ओरडत होती आणि माय खाली बसून त्या गोळा करत आपल्या भाषेत म्हणत होती, "अवं, हे कसं झालं? माझ्या हातून तर कदी तुटत नाही वं!" सुनेचं नाव लिंग, तिला थोडं इंग्रजी येत होतं. मी शाळेतलं जेवढं येत होतं तेवढं पणाला लावलं आणि सांगितलं, की माझी आई शेवया करते, आमच्या गावात अशीच पद्धत आहे, न विचारता हात लावायची. लिंगनं ते सासूला सांगितलं. सासूनं मायला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं त्या तुटलेल्या शेवया कागदात बांधल्या, पुडकं मायच्या हातात कोंबलं आणि फाटकाकडे बोट दाखवलं.

रस्ताभर माय पुडकं उघडून तुटलेली टोकं बघत होती. अपमान तर झालाच होता, पण तिला त्याहून जास्त लागली होती ती आपल्या हातून शेवई तुटल्याची गोष्ट. घरी येताच तिनं दूध तापवलं, त्या शेवया सोडल्या, साखर घातली, मसाल्याच्या डब्यातून नागपूरहून आणलेली वेलची शोधून काढली. इतक्या दिवसांनी घरात तो वास भरला. बाबा आले, हात धुऊन बसले, पहिला चमचा तोंडात घातला आणि तसेच बसून राहिले. मी खाल्लं. खीर खारट होती. साधी खारट नाही, समुद्राचं पाणी दुधात घातल्यासारखी. दूधही फाटायला लागलं होतं. मायनं चाखलं, थुंकलं, पुन्हा चाखलं. "पिठातच मीठ आहे," ती सावकाश म्हणाली. "एवढं मीठ! म्हणून एवढी ताणली जाते का वं ती? मीठ घालून तिंबत असतीन का कणीक?" आणि मग स्वतःशीच: "पण हे लोक ह्या खारट शेवयेचं करतात तरी काय?"

तो प्रश्न आमच्या घरात ठाण मांडून बसला. माय भाकरी थापताना तेच, झोपताना तेच. मी म्हटलं, "माय, आपण जाऊन खाऊन पाहू ना." ती म्हणाली, "मले नाही खायचं. मले फक्त पाह्यचं आहे." शनिवारी ती आमच्या आधी तयार होती. शेडच्या टोकाला एक ठेला होता, जिथे बाबा नि मी कधी गेलो नव्हतो, आणि तिथे त्याच पांढऱ्या शेवयांमागे लिंग उभी होती. तिच्या पाठीशी ठेल्यात स्टुलावर म्हातारी बसलेली. मायनं स्वतः जाऊन लिंगला एक बोट दाखवलं. आम्ही टेबलावर बसलो. दुकानदार आला, तेव्हा माय पहिल्यांदा काही न बोलता त्याच्याकडे बघून मानेनं हो म्हणाली.

वाडगा लिंगनं स्वतः आणला आणि ती तिथेच थांबली. बारीक पांढऱ्या शेवया, वर कोंबडी, आल्याचे तुकडे, आणि रस्सा लाल. तिखटाचा लाल नाही, जांभळाच्या सरबतासारखा. मायनं वाफ घेतली. डोळे मिटून एक चमचा रस्सा प्याली. मग शेवई. मग पुन्हा रस्सा. "हंऽ," ती म्हणाली, "मीठ शेवयेत आहे, म्हणून रस्सा गोडसर ठेवला. शहाणी आहे म्हातारी." आणि दुसरा घास घेतला. बाबांनी टेबलाखालून माझ्या पायाला हळूच पाय लावला. आमच्या तिघांत इतक्या दिवसांत एवढं मोठं काही घडलं नव्हतं. तेवढ्यात माय लिंगकडे वळली नि वाडग्यात बोट दाखवून मला म्हणाली, "विचार तिले, हे लाल काय आहे. बीट नाही हे."

मी विचारलं. लिंगनं सांगितलं: लाल बुरशीच्या तांदळापासून घरी काढलेली दारू. बाबांनाही कळलं, ते हळूच म्हणाले, "नको सांगू." पण मायनं मला सरळ विचारलं होतं, आणि मायशी मला खोटं बोलता येत नसे, तिला ते चेहऱ्यावरच दिसे. मी सांगितलं, "माय, तांदळाची दारू आहे." मायचा हात वाडग्याच्या काठावर थांबला. मला तो पत्र्याचा डबा दिसला, रिकामा, आणि दारातून नाहीसे झालेले बाबांचे बूट. लिंगला काय झालं ते समजेना. ती घाईघाईनं पुढे बोलत राहिली आणि मी जे ऐकलं ते तसंच मायला सांगत गेले: हे त्यांच्याकडे बाळंतिणीला देतात, महिनाभर रोज, अंगात ऊब यावी म्हणून. वाढदिवसाला देतात, आयुष्य शेवईएवढं लांब व्हावं म्हणून. म्हातारीनं ही दारू स्वतः काढली आहे.

मायनं चमचा खाली ठेवला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. "बाळंतिणीले देतात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हाव." "तुया जन्माच्या वक्ताले माझ्या मायनं मले मोहफुलाचा काढा देल्ला होता," ती म्हणाली. "त्याचा वास काही देवळातला नव्हता." मग बाबांकडे बघून, जणू त्यांनीच हरकत घेतली होती अशा आवाजात: "बाळंतिणीचं आहे ते. औषध झालं. औषधाले कोणी दारू म्हणते का?" आणि तिनं वाडगा उचलून तोंडाला लावला. आम्हाला चव बघायला एक थेंब ठेवला नाही.

रिकामा वाडगा घेऊन ती उठली आणि स्वतः ठेल्यावर गेली. म्हातारी स्टुलावरून उतरली. दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी काय कळणार होतं? एक चिनी बोलीत बोलत होती, दुसरी मौद्याच्या मराठीत. म्हातारीनं हवेत दोन मुठी धरून काठी खाली ओढून दाखवली, हळू, अगदी हळू, आणि मध्येच थांबून मान हलवली. मायनं तळव्यावर तळवा घासून आपला पाट दाखवला. म्हातारीला ते पटलं नसावं, ती हसली, आणि तिनं आपल्या घराच्या दिशेनं हात करून ये अशी खूण केली. माय परत आली ती तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत. "ती म्हणते, दमानं ओढायची. मधे विसावा द्यायचा." मी विचारलं, "तुले कसं समजलं?" ती म्हणाली, "समजते. शेवयाच त्या."

डब्याचं पीठ संपलंच. एका सकाळी मायनं डबा पालथा करून बुडाशी थापट्या मारल्या आणि परातीत पडलं ते एका भाकरीपुरतंही नव्हतं. तिनं त्यात कणीक मिसळली, भाकर थापली आणि बाबांच्या ताटात वाढली. बाबांनी ती मोडली, पण खाल्ली नाही. ते कामाचे कपडे घालून बसले होते, दारात बूट होते. खाली बघतच त्यांनी विचारलं, "मग? सायबाले सांगू का आज, तुमच्या तिकिटाचं?"

माय खिडकीतून वर बघत होती. मी रिकामा डबा हातात घेऊन उभी होते आणि तो मला फार जड लागत होता.

"कायचं तिकीट?" माय म्हणाली. "आज ऊन चांगलं आहे, म्हातारी वाट पाहून राहिली असंन. तुमी दोघं बाप-लेकी दुपारी बाहेर जेवून घेजा." मग तिनं माझ्या हातातून डबा घेतला, आत फुंकर मारली आणि पिशवीत घातला. "हा मी नेते. येताना शेवया आणीन."

बाबांनी तेव्हा कुठे भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि ठेचा मागितला.